खंदकाच्या अलीकडून

(सुवर्णमहोत्सवी छायाचित्र-प्रदर्शनाच्या निमित्ताने मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत एका बाजूस नाट्यसंगीत, दुसऱ्या बाजूस कथाकथन आणि त्या दोहोंच्या मध्ये ‘प्राणिसंग्रहालयातील कलात्मक छायाचित्रण’ हा विषय पाहून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळावर आठी उमटली असेल. ती मला समजते. प्राणिसंग्रहालय ही मुलांना घेऊन जाण्याची जागा. कलेचा आणि तिचा संबंध काय, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटत असे. वन्यप्राण्यांची छायाचित्रे काढायची तर ताडोबाला जावे, रणथंभोरला जावे. मथुरा रोडवर तिकीट काढून आत जाणे म्हणजे नळाखाली भिजून पावसाचे वर्णन लिहिण्यासारखे आहे, असे एका मित्राने मला एकदा ऐकवलेही होते. या आक्षेपात तथ्य आहे. किती आहे, त्याचा हिशेब मी पुढे देणारच आहे.

दिल्लीतल्या मराठी घराची एक रीत आपणां सर्वांना ठाऊक आहे. मे महिना आला की गावाकडून पाहुणे येतात. त्यांना कुतुबमिनार, लाल किल्ला, राजघाट आणि प्राणिसंग्रहालय दाखवणे हे यजमानाचे कर्तव्य असते. माझ्याकडे आग्फा क्लिक-थ्री होता. एका रोलमध्ये बाराच चित्रे निघत. त्यांतली अकरा पाहुण्यांची आणि उरलेले एक प्राण्याचे, असा वाटा ठरलेला. त्या एका चित्रात बहुधा वाघाची पाठ, पुढे लोखंडी कठडा आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी भाच्याची टोपी यायची. माझ्या कलासाधनेचा आरंभ हा असा आहे.

या उद्यानाशी आपले एक घरचे नाते आहे, ते मात्र पाहुण्यांना सांगायला मी विसरत नसे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी या प्राणिसंग्रहालयाचे उद्घाटन झाले ते तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हस्ते. अमरावतीकडच्या पापळ गावचा हा माणूस. महाराष्ट्र राज्य अजून जन्माला यायचे होते, आणि वऱ्हाडातला एक मंत्री पुराना किल्ल्याच्या पायथ्याशी सिंह-वाघांचे घर उघडत होता. पुढे १९८२ मध्ये त्याला ‘राष्ट्रीय प्राणी उद्यान’ असे नाव मिळाले. पण आपल्या तोंडी ते ‘झू’च राहिले, जसा मुंबईकरांच्या तोंडी राणीचा बाग.

उद्यानाची आखणी करताना जर्मनीतील हॅम्बुर्गच्या हागेनबेक संस्थेचे साहाय्य घेण्यात आले होते. हे मी केवळ माहिती म्हणून सांगत नाही. आजच्या विषयाचे मूळच तेथे आहे. कार्ल हागेनबेक याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन येथे एक प्राणिसंग्रहालय उघडले आणि त्यात गजांचे पिंजरे काढून टाकले. पिंजऱ्याऐवजी त्याने खंदक खणले, आणि ते अशा रीतीने की प्रेक्षकाच्या नजरेला खंदक दिसू नये. समोर मोकळी जमीन दिसावी, तीवर सिंह उभा दिसावा, आणि आपल्या व त्याच्यामध्ये काहीच नाही असा भास व्हावा. राणीच्या बागेत किंवा पुण्याच्या जुन्या पेशवे पार्कात आपण लहानपणी जे गज पाहिले, ते दिल्लीत मोठ्या प्राण्यांपुढे फारसे दिसत नाहीत, याचे कारण हे. बंदिवास तोच, परंतु डोळ्यांना तो जाणवू नये अशी योजना. छायाचित्रकाराला ही योजना फार सोयीची पडते, आणि म्हणूनच ती त्याला बिघडवतेही. ते कसे, ते सांगण्यापूर्वी थोडी कारागिरीची गोष्ट सांगतो. कारण समोर बसलेल्या तरुण मंडळींनी खिशातून मोबाईल काढून तयारी ठेवलेली मला दिसते आहे.

पहिली अडचण जाळीची. पक्ष्यांपुढे आणि लहान प्राण्यांपुढे जाळी असतेच. जाळीपासून लांब उभे राहिले तर प्राण्यावर चौकटी उमटतात. लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि प्राणी पलीकडे जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबावे. मग जाळीचे तार विरघळल्यासारखे नाहीसे होतात. मात्र जाळीवर ऊन पडले असेल तर चित्रावर पांढुरका पडदा येतो. जाळीच्या त्या तुकड्यावर सावली धरणे हा त्यावरचा उपाय. आमच्या घरी हे काम सौभाग्यवतींकडे आहे. त्यांची काळी छत्री आजवर पावसापेक्षा छायाचित्रणासाठीच अधिक उघडली गेली आहे. सर्पालयाच्या काचेपुढेही तीच छत्री उपयोगी पडते. लेन्स काचेला टेकवावी, मागून छत्री धरावी, म्हणजे आपलेच प्रतिबिंब अजगराच्या अंगावर पडत नाही. फ्लॅश कधीही वापरू नये. प्राण्याला त्याचा त्रास होतो हे पहिले कारण, आणि चित्रात अजगराऐवजी काचेवरचा सूर्य येतो हे दुसरे. मोबाईलवाल्यांना एक गोष्ट फुकट मिळालेली आहे: त्याची लेन्स इतकी लहान असते की जाळीच्या एका घरात ती सहज मावते. मात्र जाळीपलीकडे माकड असेल तर मोबाईल हातात घट्ट धरावा. त्यांनाही या विषयात रस असतो.

दुसरी अडचण पांढऱ्या वाघाची. दिल्लीचा पांढरा वाघ प्रसिद्ध आहे. रेवा संस्थानच्या महाराजांनी १९५१ साली पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या बछड्यापासून हा वंश चालला आणि १९६० च्या दशकात त्यातली जोडी दिल्लीस आली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असे वाटते. म्हणून पांढरा वाघ त्याच्या हाती दिला की तो त्याला राखेत लोळलेल्या मांजरासारखा करून परत देतो. अशा वेळी प्रकाश अर्ध्या-एका पायरीने वाढवावा, आणि काळ्या अस्वलाच्या बाबतीत तितकाच कमी करावा. रंगाच्या कौतुकापायी एक गोष्ट झाकली जाते, तीही सांगून टाकतो. पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. जनुकातील एका फरकामुळे तो रंग येतो, आणि तो टिकवण्यासाठी जवळच्या नात्यांत संकर घडवावे लागले. चित्र सुंदर येते. त्यामागची हकीकत तितकीशी सुंदर नाही.

प्रकाशाविषयी मात्र दिल्लीकराने कुरकुर करू नये. डिसेंबर-जानेवारीत येथे सूर्य दिवसभर खालूनच चालतो. मुंबईत जो तिरपा प्रकाश सकाळचा तासभर मिळतो, तो येथे जवळजवळ दिवसभर मिळतो. प्राणीही त्या दिवसांत सावली सोडून उन्हात येऊन बसतात. धुके असेल तर मागची झाडे, फलक, कठडे सर्व पुसले जातात आणि एकटे काळवीट उरते. धूर आणि धुळीने घसे बसतात ही गोष्ट खरी, पण त्याच धुरकट हवेतून येणारा प्रकाश मऊ असतो हेही खरे. कलावंत स्वार्थी असतो, ही तक्रार अगदीच निराधार नाही.

आता खंदक. त्याच्या काठावरून आपण प्राण्याकडे वरून खाली पाहतो, आणि वरून काढलेले चित्र नेहमी तुच्छतेचे दिसते. त्यावर उपाय असा की जवळची जागा सोडून लांबची जागा घ्यावी. अंतर वाढले की कोन सपाट होतो. मग मोठी लेन्स असल्यास प्राणी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. लोक काठावर गर्दी करतात, जाणत्याने मागे सरावे. कठड्यावर चढणे, मुलाला त्यावर बसवणे, हे करू नये. सप्टेंबर २०१४ मध्ये याच उद्यानात पांढऱ्या वाघाच्या खंदकात एक तरुण पडला आणि प्राणास मुकला. त्याचे शेवटचे क्षण काठावरच्या लोकांनी मोबाईलवर टिपले आणि ते देशभर फिरले. त्या दृश्यांविषयी मी अधिक काही बोलणार नाही. वाघाने आपल्याकडे पाहावे म्हणून ओरडणे, खडे मारणे, शेंगदाणे फेकणे, यांविषयी मात्र बोलतो. प्राण्याला छळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. १९७२ च्या त्या कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी तसे कलमच घातले गेले. पण कायदा बाजूस ठेवला तरी खडा मारून मिळालेली नजर चित्रात ओळखू येते. ती दचकलेली असते.

न दचकलेली नजर हवी असेल तर थांबावे लागते. मला विचाराल तर सारी कलात्मकता एवढ्यात आहे. कुटुंबे सकाळी येतात आणि दुपारपर्यंत सारे उद्यान ‘करून’ टाकतात. गेंडा झाला, पाणघोडा झाला, आता डबा उघडा. एका दिवशी एकच प्राणी, हा नियम मी माझ्यापुरता केला तेव्हा मला प्रथम चित्रे मिळू लागली. तासभर एका सांबराकडे पाहिले म्हणजे कान कोणत्या क्रमाने फिरतात ते समजते आणि मान वळण्यापूर्वीच बोट कळीवर जाते. राखणदारांशी दोन शब्द बोलावे. कोणता प्राणी केव्हा बाहेर येतो, कोण आज रुसला आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

थांबायला शिकायचे असेल तर मी चित्रबलाकांकडे पाठवीन. काहीजण त्यांना रंगीत करकोचे म्हणतात. पांढरे अंग, छातीवर काळा पट्टा, पिवळी लांब चोच, केशरी उघडे डोके आणि शेपटीकडे गुलाबी पिसे, जणू पंचमी खेळून कोणी अंग नीट धुतलेलेच नाही. हे पक्षी उद्यानाच्या मालकीचे नाहीत. उद्यान उघडल्यानंतर लवकरच, १९६० पासून, ते आपण होऊन येऊ लागले. पावसाळा सरत आला की त्यांचे थवे उतरतात, तळ्यांतील बेटांवरच्या झाडांवर घरटी बांधतात, पिल्ले वाढवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. त्यांच्यापुढे जाळी नाही आणि खंदकही नाही. दुपारचे ऊन चढले की आई किंवा बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो. हे दृश्य मी अनेक हिवाळ्यांत पाहिले आणि त्याचे मनाजोगते चित्र मला एकदाच मिळाले. नोकरीनिमित्त आलो, झाड सापडले, घरटे बांधले. आपल्यापैकी अनेकांना या पक्ष्यांविषयी जिव्हाळा का वाटतो, ते सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टअखेर याच पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला आणि उद्यान बंद झाले ते नोव्हेंबरातच उघडले. घरटी बांधण्याचा सारा हंगाम आम्ही फाटकाबाहेर काढला.

येथे मुलांविषयी थोडे विषयांतर करतो. माझी नात नोएडाच्या शाळेत जाते. पहिल्यांदा तिला उद्यानात नेले तेव्हा वाघ पाहून ती म्हणाली, “आजोबा, शेर!” पुढे सिंह आला, तोही शेर. चितळ आले ते हिरन, सांबर आले ते हिरन, मणिपूरचा संगाई आला तोही हिरन. तिचा दोष नाही. आजूबाजूची बोलीच तशी आहे. मी तिला काही शिकवले नाही. तिने काढलेली चित्रे कागदावर छापून घेतली आणि एक वही आणून दिली. अट एवढीच की प्रत्येक चित्राखाली मराठी नाव लिहायचे. वाघ, सिंह, चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय, तरस, साळिंदर. तरसाला हिंदीत काय म्हणतात हे तिला आधी माहीतच नव्हते, त्यामुळे तो मराठीच राहिला. त्या वहीत आता साठ-सत्तर नावे आहेत. ज्यांना मुलांच्या मराठीची काळजी आहे, त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. व्याकरणाच्या पुस्तकाइतका तो रडवत नाही.

चित्राखाली काय लिहायचे, हा प्रश्न माझ्यावरही एकदा आला आणि मी तो टाळला. आजच्या व्याख्यानाला उभे राहण्याचे खरे कारण तेच आहे.

आपल्या उद्यानात शंकर नावाचा आफ्रिकी हत्ती होता. झिंबाब्वेने तो १९९० च्या दशकात तत्कालीन राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांना भेट दिला. त्यावरूनच त्याचे नाव पडले. त्याच्याबरोबर आलेली हत्तीण काही वर्षांतच मरण पावली, आणि त्यानंतर सुमारे दोन तपे आपल्या जातीचा तो येथे एकटाच राहिला. एका हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी त्याची दहा-बारा चित्रे घेतली. उतरते ऊन, सोंडेने उडवलेली धूळ, सुपाएवढे कान मागून उजळलेले. त्यांतले एक चित्र मी चौकटीत असे बसवले की आवाराची कड, कठडा, पलीकडची माणसे, काही म्हणता काही उरले नाही. नुसता हत्ती आणि सोनेरी धूळ. ते मी मंडळाच्या प्रदर्शनात ठेवले. खाली लिहिले, ‘आफ्रिकेचा सम्राट’. त्याला पहिले बक्षीस मिळाले. पाहणारे विचारत, “आफ्रिकेला केव्हा जाऊन आलात?” मी हसत असे. हसणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, अशी मी माझी समजूत घातली होती.

हागेनबेकने खंदक लपवला, आणि मी त्याच्यापुढे एक पाऊल टाकून आवारच लपवले. माझे चित्र पाहून कोणाला त्या हत्तीविषयी काही कळले नाही; कळले ते माझ्या हुशारीविषयी. शंकरच्या स्थितीबद्दल पुढे पुष्कळ बोलले गेले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने उद्यानाचे सदस्यत्व त्यावरून स्थगित केले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी शंकर गेला. वय तिशीच्या आतबाहेर. आफ्रिकी हत्ती साठ-सत्तर वर्षे जगू शकतो. उद्यान तेव्हा बंदच होते.

ती बातमी वाचली त्या रात्री मी जुनी सारी चित्रे काढून बसलो. नापसंत म्हणून बाजूला टाकलेल्यांत एक सापडले. त्यात हत्ती चौकटीच्या एका कडेला आहे, लहान दिसतो, तोंड पलीकडे. पुढे मोठी रिकामी जमीन, आणि अलीकडे कठड्यापाशी एक लहान मुलगा पाठमोरा उभा राहून हात हलवतो आहे. प्रकाश बरा नाही, क्षितिज किंचित तिरके आहे. स्पर्धेच्या परीक्षकाने ते पहिल्याच फेरीत काढून टाकले असते. परंतु शंकर कोठे राहत होता आणि कसा राहत होता, हे माझ्या सगळ्या चित्रांत त्या एकातच आहे.

न्यूयॉर्कच्या गॅरी विनोग्रँड या छायाचित्रकाराने १९६९ मध्ये ‘द ॲनिमल्स’ नावाचे लहानसे पुस्तक काढले. मुलांना घेऊन तो प्राणिसंग्रहालयात जात असे, आपण जातो तसाच. त्याने गज लपवले नाहीत आणि माणसेही वगळली नाहीत. कोण कोणाकडे पाहतो आहे, हाच त्याच्या चित्रांचा विषय. ते पुस्तक माझ्या हाती फार उशिरा आले.

मघाच्या मित्राच्या आक्षेपाचा हिशेब आता देतो. प्राणिसंग्रहालयातील चित्र म्हणजे रानातील चित्राची नक्कल, असे मानले तर तो बरोबर आहे. नळाखाली भिजणे ते हेच. पण ते प्राणिसंग्रहालयाचे म्हणून काढले, तर त्याची किंमत निराळी होते. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा झेब्र्याच्या कुळातला प्राणी होता, पुढच्या अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला. शेवटची क्वागा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जिवंत क्वागाची जी मोजकी छायाचित्रे आज जगात आहेत, ती सर्व लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एकाच मादीची, १८६० ते ७० च्या सुमारास काढलेली. मागे विटांची भिंत दिसते. कोणीही ती पुसलेली नाही. आपल्याकडचे गुलाबी डोक्याचे बदक गेल्या शतकाच्या मध्यापासून खात्रीने कोणाला दिसलेले नाही. त्याची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत, ती इंग्लंडातील एका पक्षिशौकिनाने पाळलेल्या पक्ष्यांची, १९२० च्या दशकातली. काढणाऱ्यांना आपण शेवटचे काही टिपतो आहोत याची कल्पना असेल किंवा नसेलही. त्यांनी समोर होते ते घेतले.

बाहेरच्या भिंतीवर आजच्या प्रदर्शनात उजवीकडून तिसरे चित्र शंकरचे आहे. ते बक्षीसवाले नव्हे, दुसरे. खाली लिहिले आहे: ‘शंकर, आफ्रिकी हत्ती. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय.’ क्षितिज मी सरळ केलेले नाही. बक्षिसाचे मानचिन्ह मी कार्यवाहांकडे परत द्यायला गेलो होतो. मंडळाच्या घटनेत मानचिन्ह परत घेण्याची तरतूद नाही, असे त्यांनी सांगितले.

येत्या रविवारी आपण सारे मिळून उद्यानात जाणार आहोत. शुक्रवारी ते बंद असते, म्हणून कोणी चुकून शुक्रवारची रजा काढू नये. तिकिटे आधी काढून ठेवावीत. मोबाईल चालेल, कॅमेरा चालेल. काळी छत्री असल्यास जरूर आणावी. चित्रबलाकांची या वर्षीची पिल्ले आता मोठी झाली आहेत आणि झाडाच्या शेंड्यावर उभी राहून पंख फडफडवून पाहतात. मी सकाळी दार उघडण्याच्या वेळी तेथे असेन आणि दुपारपर्यंत त्याच एका तळ्यापाशी सापडेन.